परकोटावरचा काळा डाग

माणसानं सासुरवाडीच्या गावात नोकरी करू नये, आणि केलीच तर तिथं इतिहास सांगत फिरू नये. मी दोन्ही केलं.

मी अकोल्याचा. मोर्णेच्या काठी वाढलो, असदगडाच्या बुरुजावरून पतंग उडवले. अमरावतीबद्दल अकोल्याच्या माणसाला जेवढं प्रेम असतं तेवढंच मलाही होतं, म्हणजे नव्हतं. आमच्याकडे अमरावतीचा विषय निघाला की, "बडनेऱ्याले गाडी बदला लागते" एवढ्या एका वाक्यात वडीलधारी मंडळी त्या शहराचा निकाल लावीत. पण पुढं मुलगी नेमकी तिथलीच पसंत पडली. लग्नाला दोन-तीन वर्षं होत नाहीत तोच मास्तरकीची जागाही तिथंच मिळाली. साठ साल नुकतंच उलटलं होतं. आम्ही कॅम्पाकडे दोन खोल्या घेऊन राहिलो. सासुरवाडी परकोटाच्या आतल्या पेठेत, सायकलनं वीस मिनिटांवर.

वऱ्हाडात जावई एका घराचा नसतो, तो अख्ख्या पेठेचा असतो. पानवाला मला जवाईबापू म्हणे, दूधवाला म्हणे, आणि माझ्या आजोबांच्या वयाचे गृहस्थ खाटेवरून उठून बसत आणि म्हणत, "या जवाईबापू." पहिल्या महिन्यात मला संकोच वाटला. दुसऱ्या महिन्यात सवय झाली. तिसऱ्या महिन्यात, कोणी उठलं नाही की मला राग येऊ लागला. पुढचं सगळं रामायण या तिसऱ्या महिन्यापासून सुरू होतं.

माझे सासरे पोस्टातून निवृत्त झालेले. पेठेतल्या आणखी चार जणांना घेऊन त्यांनी एक समिती काढली होती. परकोटाचे चिरे लोक घराच्या पायऱ्यांना नेतात, ते थांबवावं, हा तिचा हेतू. ओट्यावर बसून चहा पिणं हे तिचं काम. त्या ओट्यावर कोणीतरी टूम काढली की दर रविवारी सकाळी लोकांना शहरातून पायी हिंडवावं, वेशी, परकोटातली छोटी दारं म्हणजे खिडक्या, जुन्या पेठा दाखवाव्या, म्हणजे आपल्या गावाची किंमत आपल्याला कळेल.

"पण सांगणार कोण?" एकानं विचारलं.

"आपले जवाईबापू शाळेत इतिहास शिकवतात नं!" सासरे म्हणाले.

इतिहास मी शिकवत होतो, म्हणजे एका मुलाला उभं करून धडा वाचायला लावत होतो आणि तो अडला की दुसऱ्याला उठवत होतो. पण हे सासऱ्यांना कसं सांगणार? मी गंभीर चेहऱ्यानं मान हलवली. वेशी किती, खिडक्या किती, पेंढाऱ्यांच्या भीतीनं निजामाच्या काळात परकोट कसा बांधला, एवढं त्यांच्याकडून एका कागदावर उतरवून घेतलं. तो कागद हेच माझं सगळं पांडित्य.

पहिल्या रविवारी सात वाजता जवाहर गेटपाशी गेलो, तर सतरा माणसं हजर! नीट पाहिलं तेव्हा कळलं, त्यातली सोळा पेठेतलीच होती. ज्या गल्ल्यांमध्ये ती जन्मली, रांगली, गोट्या खेळली, त्याच गल्ल्या त्यांना दाखवायला अकोल्याचा माणूस उभा होता. सतरावे तेवढे बाहेरचे. पुण्याहून बदलून आलेले एक कारकून, हातात वही, कानावर पेन्सिल.

मी निघालो. तिसऱ्याच वळणावर चुकलो.

चुकलो हे कोणाला कळू द्यायचं नव्हतं, म्हणून दोन भिंतींमधल्या एका अरुंद बोळासमोर थांबलो आणि आवाज खाली आणून म्हणालो, "ही इथली गुप्त वाट. पेंढारी आल्याची हाळी उठली की बायका-पोरं या वाटेनं बाहेर काढत."

कारकुनांनी लिहून घेतलं. मी पुढं, लोक मागं, असे आम्ही एका रांगेत त्या वाटेनं आत शिरलो आणि निघालो थेट एका घराच्या परसात. विहिरीपाशी एक गृहस्थ पंचा लावून आंघोळ करीत होते. तोंडाला साबण, डोळे मिटलेले.

"कोन हाय बे तिकडे?" ते ओरडले.

माझ्या मागून आवाज आला, "अरे, जवाईबापू हायेत. इतिहास दाखवून राहिले."

"अस्सं!" त्यांनी डोळे न उघडताच हात जोडले. "या या जवाईबापू, बसा. अवो, चहा ठेवा वो, अठरा कप!"

तोंडाला साबण असताना त्यांनी अठरा कसे मोजले, हे मला अजून उमगलेलं नाही. पण चहा आला, त्याबरोबर चिवडा आला, आणि त्या दिवसाचा इतिहास तिथंच संपला.

वऱ्हाडी माणसाची ख्याती अशी की तो समोरच्याला तोंडावर काय ते सांगून मोकळा होतो. पुण्याच्या कारकुनांनी तर पहिल्याच आठवड्यात त्याचा धसका घेतला होता. "इथले लोक फारच सडेतोड हो," असं ते मला म्हणाले होते. आणि अशा सडेतोड लोकांमध्ये मी रविवारामागून रविवार वाटेल ते ठोकत होतो आणि एक माणूस हूं की चूं करत नव्हता. मी एका पडक्या कमानीला हत्तीखाना म्हटलं, लोकांनी हत्तीखाना पाहिला. मी एका दगडी डोणीला घोड्यांचा हौद म्हटलं. ज्यांच्या म्हशी त्या डोणीत रोज पाणी पीत, त्यांनीही मान डोलावली. मला वाटलं, हा आपल्या विद्वत्तेचा दरारा.

चौथ्या की पाचव्या रविवारी आम्ही परकोटाच्या कडेकडेनं चाललो होतो. एके ठिकाणी भिंतीवर एक मोठा काळा डाग होता. पुरुषभर उंचीपासून सुरू होऊन वर पसरत गेलेला, खाली निमुळता, वर डेरेदार, जणू आंब्याचं झाडच. त्याच्या खाली जमिनीवर एक पत्रा, पत्र्यावर गोणपाट, आणि बाजूच्या लाकडी पेटीवर बसून एक दाढीवाले म्हातारबाबा बशीतून चहा पीत होते. मला वाटलं, राखणदार असावेत.

"हा डाग कशाचा?" कारकुनांनी विचारलं.

माझ्या कागदावर डाग नव्हता.

"दारूगोळ्याचा," मी म्हणालो.

म्हातारबाबांची बशी ओठांशी थांबली. मागं कोणीतरी खोकलं. मी मात्र एकदा सुटलो की थांबणाऱ्यांतला नव्हतो. इथं, याच जागी तोफ होती. पेंढाऱ्यांचे घोडे धूळ उडवत आले, गोलंदाजानं बत्ती दिली, आणि तोफेचा भडका मागं या भिंतीवर उमटला. तोफेचा भडका मागं कसा उमटेल, हा प्रश्न चौथीतल्या मुलालाही पडला असता. इथं कोणाला पडला नाही.

म्हातारबाबांनी चहा संपवला, बशी पुसली आणि म्हणाले, "वा जवाईबापू. इतके दिवस बसून राह्यलो इथं, पण हे आज पहिल्यांदाच ऐकलं."

मी नम्रपणे हसलो. कौतुक म्हणून घेतलं हो ते!

पुढच्या रविवारी तोफा तीन झाल्या. त्याच्या पुढच्या रविवारी गोलंदाजाला मिशा फुटल्या. मग त्याचा हात भाजला, आणि भाजल्या हातानं त्यानं शेवटची बत्ती दिली. या ठिकाणी मी थोडा थांबत असे. एक बाई पदरानं डोळे पुसायच्या. आता आठवतं तर वाटतं, हसू आवरत असाव्यात.

दसरा झाला आणि समितीची बैठक भरली. या वेळी कारकूनही होते. त्यांनी वही उघडली.

"मी इतकी शहरं पाहिली, पण असं स्थळ इतकं दुर्लक्षित राहिलेलं पाहिलं नाही. त्या डागाला कठडा हवा, फलक हवा. आणि त्याच्या खाली तो मनुष्य पत्रा-पेटी मांडून बसतो, त्याला तिथून हलवायला हवं."

पाचही जण माझ्याकडे पाहू लागले. मला वाटलं, माझ्या शोधाचं केवढं हे कौतुक! मी घसा साफ केला आणि आयुष्यातलं सर्वांत मूर्ख वाक्य बोललो: "इतिहासासाठी थोडी गैरसोय सोसावीच लागते."

सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "जवाईबापू म्हणतात तं…" असं म्हणून त्यांनी वाक्य तसंच सोडून दिलं. दिवाळीच्या आधीच्या रविवारी फलक लावायचा, तोवर म्हातारबाबांनी वेशीबाहेर जागा पाहायची, असं ठरलं. निरोप सांगायला कोणी तयार होईना. शेवटी चिठ्ठी पाठवली. त्यांना वाचता येत नव्हतं. ती त्यांना वाचून दाखवली त्या साबणवाल्या गृहस्थांनी.

सोमवारी बायकोनं माझ्यापुढं पितळेचे चार गंज आणि एक परात आणून ठेवली. पातेल्याला आमच्याकडे गंज म्हणतात.

"दिवाळी आली. हे कल्हईले नेऊन द्या."

"कुठं?"

"परकोटापाशी." ती परात पुसत होती. "तुमच्या तोफेच्या खाली."

"तिथं कल्हईवाला कुठं आहे?"

ती पदर तोंडाला लावून आत गेली.

सायकलच्या हँडलला गंज, कॅरिअरवर परात, असा देवळातल्या घंटांसारखा वाजत मी पेठेतून गेलो. आणि परकोटापाशी जे पाहिलं त्यानं माझे पाय पेडलवरून सुटले.

पत्रा आणि गोणपाट बाजूला केलेलं होतं. खाली भट्टी. माझे राखणदार उकिडवे बसून एका हातानं भात्याची दांडी हलवत होते, दुसऱ्या हातात चिमट्यानं धरलेला लाल गंज. त्यांनी नवसागराची चिमूट टाकली, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाचा बोळा आतून सर्रकन फिरवला. काळाठिक्कर गंज आतून चांदीसारखा लखलखला. आणि त्याच वेळी भट्टीतून धुराचा एक लोट उठला, भिंतीला टेकला, खाली निमुळता, वर डेरेदार होत, आंब्याच्या झाडासारखा वर चढत गेला.

रविवारी सकाळी भट्टी झाकलेली असायची. मी फक्त रविवारी सकाळी जात होतो.

"आओ जवाईबापू, बैठो," ते म्हणाले. पेठेतले सगळे त्यांना चाचा म्हणत, हे मला तेव्हा कळलं.

मी भांडी खाली ठेवली. "चाचा, हा डाग…"

"दारूगोळ्याचा," त्यांनी मान वर न करता सांगितलं.

"चाचा, हा तुमच्या भट्टीचा धूर आहे!"

"धूर तं हायेच. पहिले माझा बाप बसे इथं, मंग मी." त्यांनी तापलेला गंज पाण्यात बुडवला. चर्र झालं. "पण तोफ-बंदुकीतलं आपल्याले काय समजते? तुमी शिकेल माणूस."

"पण तुम्हाला इथून हलायला सांगितलंय!"

"हो नं. वेशीच्या बाहेर." त्यांचा आवाज तसाच होता, फक्त भात्याचा वेग मंदावला. "तिथं दोघं कल्हईवाले पहिलेच बसतात. आणि पेठेतल्या बाया भांडे डोक्यावर घेऊन येवढ्या दूर येत नाईत. दिवाळीचेच तं चार दिवस असतात आमचे. बाकी सालभर बसून माश्या मारा. पाहू. अल्ला मालिक हाय."

त्यांनी आमचा मोठा गंज उचलून उन्हात फिरवला. "हा तुमच्या लग्नातला. मीच केलता. तुमची मालकीण येवढीशी होती तवा भातुकलीचे भांडे घेऊन येत जाय. म्हणे, चाचा, याले पण चांदी लावा."

सायकल घेऊन मी थेट सासऱ्यांकडे गेलो. सगळं ओकून टाकायचं ठरवूनच गेलो होतो. सासरे ओट्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी पाट सरकवला, आतून पाणी आलं, मागून शेवेची बशी आली. आणि बशी हातात आल्यावर माझा धीर निम्मा झाला.

"मामाजी," मी म्हणालो, "तो डाग… मला वाटतं, आपण समजतो तितका जुना नसावा."

सासऱ्यांच्या हातातला अडकित्ता थांबला. ते एकदम सरसावून बसले. "असं काय? मंग? कितीक जुना म्हणता?"

इतक्या आशेनं माझ्याकडे त्यापूर्वी कोणी पाहिलं नव्हतं. मला ती आशा कळली नाही. मला वाटलं, उलटतपासणी आहे.

"म्हणजे… पेंढाऱ्यांच्या पहिल्या स्वारीचा नसेल," मी म्हणालो. "दुसऱ्या स्वारीचा असेल."

सासरे पुन्हा भिंतीला टेकले. "बरं," ते म्हणाले. "फलकावर दुसरी स्वारी लिवाले सांगतो."

रविवार जवळ येऊ लागला. शेवटी शुक्रवारी शाळा सुटल्यावर, आईची तब्येत पाहून येतो, असं सांगून मी गाडीत बसलो आणि बडनेऱ्याला गाडी बदलून अकोला गाठलं. आई ठणठणीत होती. सणासाठी माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान धामणगावाहून आलेले. म्हणजे घरात जावई होता आणि पुऱ्या तळल्या जात होत्या.

शनिवारी दुपारी पंगतीत यजमानांनी विषय काढला असदगडाचा. ते कापसाच्या धंद्यातले. किल्ल्याचा आणि त्यांचा संबंध एवढाच, की स्टेशनवरून टांग्यानं येताना त्यांना तो लांबून दिसे.

"गडातून एक भुयार हाय," ते म्हणाले, "ते थेट अमरावतीले निंघते. दोन घोडेस्वार बरोबरीनं जातीन येवढं रुंद. लहानपणी मी स्वतः आत गेलतो. मुर्तिजापूरलोक."

मुर्तिजापूरपर्यंत म्हणजे निम्मी वाट! मी त्या गडाच्या प्रत्येक दगडावर बसून वाढलेला. तिथं वटवाघळांशिवाय काही नाही, हे मला माझ्या तळहातासारखं माहीत.

"अगंबाई!" आई वाढता वाढता थांबली. "मुर्तिजापूरलोक?"

"वा!" माझा मोठा भाऊ म्हणाला.

"आत हवा चांगली असते म्हणतात," मी म्हणालो.

म्हणालो, आणि पुरी घशात अडकली.

भाऊ पाठीत गुद्दे घालत होता, आई पाणी देत होती आणि माझ्या डोळ्यांपुढून एकेक जण जात होता: डोणीतल्या म्हशींचे मालक, साबण लावलेले गृहस्थ, पदर लावणारी बाई, टोपी झटकणारे सासरे. सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं, जे या घटकेला माझ्या तोंडावर होतं. जावयानं दिवसाला रात्र म्हटलं, की सासुरवाडीनं कंदील पेटवायचा. त्यांना सगळं ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून!

जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरात आईला विचारलं, "आई, तुला ठाऊक आहे ना, भुयार नाही म्हणून?"

"मले काय विचारतं? मी जन्म काढला इथं."

"मग बोलली का नाहीस?"

"येडा झाला का? जवायाले तोंडावर खोटं म्हणते का कोणी? पोरगी देल्ली हाय आपण." तिनं कढई खाली उतरवली. "त्यानं आपल्या तोंडानं वापस घेतलं, तं गोष्ट अलग."

रविवारी पहाटेच्या पॅसेंजरनं निघालो. परकोटापाशी पोचलो तेव्हा पन्नास-साठ माणसं जमली होती. कठड्याचे लोखंडी खांब भिंतीला टेकवून ठेवलेले, फलकावर पिवळं फडकं. भट्टीचा खड्डा मातीनं बुजवून, वर सारवून, कोणी तरी हौसेनं रांगोळीही घातली होती. बाजूला एका हातगाडीवर भाता, लाकडी पेटी, चिमटे आणि कोळशाचं पोतं. चाचा स्वच्छ धुतलेली टोपी घालून गाडीशेजारी उभे. माझ्या समारंभाला म्हणून धुतलेली टोपी! गाडी सरळ जागेवर न्यायची सोडून ते फडकं निघायची वाट पाहत थांबले होते, कारण जावयाच्या हातून फलक उघडायचा होता आणि आपण निघून गेलो तर ते बरं दिसलं नसतं.

सासऱ्यांनी मला पुढं केलं. मी फडक्याच्या टोकाला हात घातला आणि काढून घेतला.

"हा डाग तोफेचा नाही," मी म्हणालो. "दुसऱ्या स्वारीचा नाही आणि पहिल्याचाही नाही. इथं तोफ नव्हती. ती मी ओढून आणली. गोलंदाज माझा, त्याच्या मिशा माझ्या. हा धूर चाचांच्या भट्टीचा आहे, त्यांच्या वडलांच्या भट्टीचा आहे. मला काही माहीत नव्हतं आणि माहीत नाही म्हणायची लाज वाटली. चाचांनी इथून जाऊ नये."

आता एखादा चिरा माझ्या दिशेनं येणार, अशी मी मनाची तयारी केली. परकोट जवळच होता.

तेवढ्यात समोरच्या माडीवरून एका म्हातारीचा आवाज आला, "देवा! बोलले बापा एकदाचे!"

आणि ती सगळी गर्दी, तास-दीड तास श्वास कोंडून बसल्यासारखी, एकदम सुटली. हसणं, खोकणं, एकमेकांच्या पाठीवर थापा. साबणवाले गृहस्थ पुढं आले. त्यांना कोरड्या तोंडानं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"जवाईबापू, मंग ते आमच्या परसातली गुप्त वाट?"

"तीपण माझीच."

"बरं झालं सांगतलं. तुमी इतिहास म्हणलं तवापासून बायकोनं तिथं गोवऱ्या थापणं बंद केलतं."

मी सासऱ्यांकडे वळलो. "मामाजी, तुम्हाला ठाऊक होतं?"

"मी लहानपणी इथंच हात शेकत जाओ," ते म्हणाले. "पण तुमाले चारचौघांत खोटं पाडू कसा? फलकाची गोष्ट निंघाली तवा समदे तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यले होते, आता म्हणतीन, मंग म्हणतीन. तुमी म्हणलं, गैरसोय सोसा. मंग घरी आले तवा मले वाटलं, आता तरी. तं तुमी दुसरी स्वारी घेऊन आले!"

पुण्याचे कारकून वहीची पानं मागं-पुढं करत होते. "मग मास्तर," त्यांनी क्षीण आवाजात विचारलं, "यातलं खरं काय आहे?"

मी विचार केला. "वेशींची संख्या," मी म्हणालो.

हातगाडी कोणी वळवली ते मी पाहिलं नाही. पाहिलं तेव्हा चाचांनी टोपी काढून पेटीवर ठेवली होती आणि ते रांगोळीला बगल देत, हातानंच बुजवलेली माती उकरत होते. मी त्यांच्याजवळ बसलो आणि उकरू लागलो. दोन मिनिटांत त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "रहने दो जवाईबापू, खड्डा वाकडा होऊन राहिला." जावयाला टोकलेलं ते पेठेतलं पहिलं वाक्य. मला ते फार आवडलं.

कठड्याचे खांब लोहाराकडे परत गेले. फलक मात्र वाया गेला नाही. चाचांनी तो उलटा केला, आणि पेंटरकडून मागच्या बाजूवर लिहून घेतलं: 'येथे कल्हई करून मिळेल.' कल्हईवाल्याच्या डोक्यावर इतका सुबक फलक साऱ्या वऱ्हाडात नसेल. पुढच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून, पेंढाऱ्यांची दुसरी स्वारी अजूनही दबा धरून बसलेली होती.

रविवारची फेरी बंद पडली नाही. फक्त मी रांगेच्या पुढून रांगेच्या शेवटी आलो. लोक आता तोंड उघडू लागले. हत्तीखाना हा एका अडत्याचा बैलांचा गोठा निघाला, हौद ही म्हशींची डोणच निघाली, आणि ज्याच्या-त्याच्या दारासमोर ज्याचा-तो सांगू लागला. काळ्या डागापाशी बोलायचे ते चाचा. भट्टी पेटती ठेवूनच बोलायचे. भिंतीकडे चिमटा रोखून ते दाखवत: हा खालचा थर वडलांचा. तो डावीकडचा, ज्या साली पेठेत एकाच मांडवात पाच लग्नं लागली त्या सालचा. ही मधली फिकी पट्टी दुष्काळाची, तवा भांडे कोण काढते? कोणाच्या रुखवतात किती गंज आले, कोणते घरचे होते आणि कोणते शेजाऱ्याकडून मांगून आणले, सगळं त्यांना तोंडपाठ. कारकुनांनी नवी वही घेतली.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी दिवाळीच्या गर्दीत राहून गेलेले आमचे गंज न्यायला म्हणून पिशवी घेऊन गेलो होतो. चाचांनी गर्दीतून मला हुडकून काढलं आणि चिमटा भिंतीवर पार वर नेला.

"आणि हे वरतं जे चमकून राह्यलं नं, सगळ्याच्या वरतं, हे आपल्या जवाईबापूच्या लग्नाचं. दीडशे माणूस आलतं अकोल्याहून. तीन दिवस जेवलं. आठ दिवस भट्टी बुझली नाई माझी."

सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. सासरे माझ्या शेजारीच उभे होते. त्यांनी टोपी नीट केली.

"म्हंजे पाहा," ते म्हणाले, "दुसरी स्वारी झालतीच."